तिसऱ्या तळ्याशी राहिलेली बाई

गुरुवार, ५ सप्टेंबर

बुटांच्या दुकानातला माणूस मला म्हणाला, "मावशी, तुमच्या वयाला हे मऊ तळाचे बरे." माझ्या वयाला! दिवसचे दिवस ऑपरेशन थिएटरात उभी राहणारी नर्स मी, आणि हा स्टुलावर बसून मला पाय सांभाळायला शिकवतो. मी मुद्दाम कडक तळाचे घेतले. आता टाचेला लागतायत. पण परत करायला जाणार नाही, पायाची सालटी निघाली तरी नाही.

परवा राष्ट्रीय उद्यानातल्या आतल्या तळ्यांची सहल. रस्ता संपतो तिथून पायी निघायचं, एकामागून एक चार तळी बघायची आणि डोंगराच्या पलीकडे दुसऱ्या फाटकाशी उतरायचं. सगळं एका दिवसात. लेकीने आमच्या दोघांच्या जागा परस्पर धरून ठेवल्या. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातले धडधाकट नळ उघडून बसतात, म्हणून तिला काळजी.

यांना विचारलं, "चौथं तळं सगळ्यात उंचावर आहे म्हणे. गुडघ्याला झेपेल ना?" हे नकाशात बघत म्हणाले, "हं." रात्री जेवताना पुन्हा विचारलं, तर पुन्हा "हं". यांच्या "हं"चे दहा अर्थ असतात आणि ते लावायला निम्मं आयुष्य जावं लागतं. हा उत्साहाचा होता.

रविवार, ८ सप्टेंबर

मला डोंगरात टाकून आले. टाकूनच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. 

क्रमाने लिहून काढते, म्हणजे तक्रार करताना काही सुटायला नको.

वाट दाखवायला सहल काढणाऱ्या संस्थेने एक पंचविशीची मुलगी दिली होती. गळ्यात शिट्टी अडकवलेली, म्हणून बसमध्येच सगळे तिला शिट्टी म्हणायला लागले. चुणचुणीत वाटली. पहिल्या तळ्याशी बदकं होती. दुसऱ्याशी आम्ही डबे उघडले. तिथे यांना पंपांचे एक व्यापारी भेटले. हे त्यांना समजावत होते की या तळ्यात पाणी किती मावेल, आणि खालच्या अंगाला बांध घातला तर किती वाढेल. पंपवाले मान डोलवत होते. मला बरं वाटलं. घरी यांचं एवढं ऐकणारं आहे कोण?

तिसरं तळं काळं आहे. तीन बाजूंनी सरळ कडा आणि पाण्यावर सुरकुतीही नाही. मी पाय पुढे टाकायचा विसरून बघत राहिले. आयुष्यात इतकी शांत जागा मी पाहिली नव्हती.

मग मला जरा जायचं होतं. बाईमाणसाची अडचण डोंगराला काय कळणार! मी यांच्या बाहीला हात लावून म्हटलं, "अहो, मी त्या मोठ्या दगडांआड जाऊन येते. थांबा हं." हे म्हणाले, "हं, हो." जवळच्या दगडांवर फोटोवाली मंडळी चढून बसली होती, म्हणून थोडं लांब जावं लागलं. तेवढ्यात ढग खाली उतरला आणि आडवा पाऊस सुरू झाला. संस्थेने सगळ्यांना एकाच रंगाचे, एकाच मापाचे पिवळे रेनकोट वाटले होते. जाड्या-बारक्या सगळ्यांना एकच माप, काय डोकं आहे! त्यात डोकं घालता घालता माझी बाही गळ्यात आली. ते सोडवून परत आले तर तळ्याकाठी कोणी नाही.

कोणी म्हणजे कोणीच नाही.

मी हाका मारल्या. समोरचा कडा माझीच हाक मला परत करत होता. वाटलं, पावसाला आडोसा शोधत असतील, इतक्यात येतील. एका दगडावर बसले. मग उभी राहिले. मग पुन्हा बसले. फोनला रेंज नाही. चौथ्या तळ्याची वाट ढगात शिरत होती आणि ती मी पाहिलेली नव्हती. आलेली वाट मात्र पायाखालची होती. गारठा हाडात शिरायला लागल्यावर ठरवलं, उलट जायचं. स्कार्फ एका दगडाखाली अडकवून ठेवला, कोणी शोधायला आलंच तर दिसावा म्हणून. कोणी आलं नाही, हे आता सांगायला नको.

दुसऱ्या तळ्याच्या उतारावर घसरले, तळहात सोलला. एका ठिकाणी कुठल्याशा मोठ्या जनावराची ताजी विष्ठा होती. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? पण त्याहून संताप जास्त होता. वाटभर मी मोठ्याने तक्रार बोलत आले. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, माणसाच्या जिवाशी खेळ. मसुदा तिथेच तयार झाला. जनावरांनीही ऐकला असावा, एकही जवळ फिरकलं नाही.

फाटकाशी पोचले तेव्हा अंधारत होतं. वनरक्षक बाई बॅटरी घेऊन निघायच्या तयारीत होती.

"तुम्हीच का त्या?" तिने विचारलं.

"त्या म्हणजे?"

"मागे राहिलेल्या."

मागे राहिलेल्या! जशी काही मी फुलं वेचत रेंगाळले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने अंगावर घोंगडी टाकली, चहा दिला, म्हणून तिला काही बोलले नाही.

बस वळसा घालून आली. हे उतरले आणि म्हणाले, "कुठे गेली होतीस तू?" आवाज चढला होता. काळजीने माणूस असंच बोलतो. मग कळलं की पलीकडच्या फाटकाशी सगळे बसमध्ये बसले, यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली, गोळ्या माझ्या पिशवीत, आणि तेव्हा मी नसल्याचं लक्षात आलं. यांची गोळीची वेळ कधी चुकत नाही म्हणून बरं. नाहीतर बस तशीच घरी आली असती.

शिट्टी माझ्याकडे बघत नव्हती. रडून डोळे सुजले होते. रडायला काय जातं! हेही वाटेत एक शब्द बोलले नाहीत. धक्का बसला असणार.

सोमवार, ९ सप्टेंबर

थिएटरात सगळ्यांना सांगितलं. सगळे हादरले. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी रक्त टिपायचे गॉझचे तुकडे मोजतात. एक कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, सुई धरलेला हात थांबवावा लागतो. मी थांबवलाय, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. गॉझचा एक तुकडा सापडेपर्यंत आम्ही माणूस शिवत नाही, आणि या लोकांनी अख्खं माणूस मागे ठेवून डोंगर ओलांडला!

मोठे सर्जन म्हणाले, "सिस्टर, अजिबात सोडू नका."

सोडते कसली! जेवणाच्या सुट्टीत तक्रार पाठवून दिली. संस्थेला एक आणि उद्यानाच्या कार्यालयाला एक.

संध्याकाळी यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "कशाला? सुखरूप आलीस ना?"

"उद्या दुसरी कोणी येणार नाही सुखरूप."

"अगं, त्या पोरीचं नुकसान होईल."

यांचं मन फार हळवं. नोकरीतही हाताखालच्या माणसांना कधी दुखवलं नाही यांनी. पण असल्या हळवेपणानेच असल्या लोकांचं फावतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

संस्थाचालकांचा फोन. आवाज असा की मध टपकावा.

"मॅडम, झाल्या प्रकाराबद्दल आम्हाला खेद आहे. पण नियमावलीत स्पष्ट आहे, गट सोडून जाताना प्रमुखाला कळवायचं असतं."

"मी माझ्या नवऱ्याला सांगून गेले होते."

"हो, पण प्रमुखाला नाही ना?"

म्हणजे बाईने जायच्या आधी पंचविशीच्या पोरीपुढे बोट वर करून परवानगी मागायची! मी विचारलं, "तुम्ही स्वतः शेवटचे कधी चढला होतात चौथ्या तळ्यापर्यंत?" त्यावर ते खाकरले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! पुढच्या सहलीला सवलत देऊ म्हणाला. मी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत धड, नुसतं बोट दाबायचं. रागाचीही सोय राहिली नाही.

हे स्वयंपाकघरात उभे राहून सगळं ऐकत होते. म्हटलं, "बघा कसे हात झटकतात." हे म्हणाले, "हं." आणि नळ सोडून ग्लास विसळत राहिले, स्वच्छ असलेला.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

लेकीचा फोन. तिला वाटलं होतं आई दोन दिवसांत निवळेल. नाही निवळली. सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आई, पण बाबा कुठे होते?"

"कुठे म्हणजे? गटाबरोबर."

"तिसऱ्या तळ्यापासून बसपर्यंत? केवढी वाट आहे ती! तेवढ्या वेळात त्यांनी तुला..."

"अगं, पाऊस होता, ढग होता, सगळे पिवळ्या रेनकोटात! ओळखणार कसे? आणि वारा किती होता. माझं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नसेल."

"तूच म्हणालीस ना, ते 'हो' म्हणाले म्हणून?"

हल्लीच्या मुलींना बापात खोट काढायची हौस. मी म्हटलं, बाबांनी तुझ्यासाठी काय काय केलं ते आठव आणि मग बोल. ती म्हणाली, "बरं." तिचं "बरं" मला आवडलं नाही. दुपारभर डोक्यात तेच.

वारा सुटलेला होता. आता आठवतं तसं, तळ्यावर सुरकुती नव्हती, पण वर कड्यावर असेल.

बुधवार, १८ सप्टेंबर

शिट्टीला कामावरून काढलं. संस्थाचालकांनी स्वतः कळवलं, "चौकशी होईपर्यंत." शनिवारी बैठक आहे, मला यायचं आमंत्रण आहे. पंपवाल्यांनाही बोलावलंय, त्या दिवशीचे साक्षीदार म्हणून. शेवटी हलले म्हणायचे! कोणीतरी धरून ठेवल्याशिवाय जगात काही होत नाही.

यांना सांगितलं तर हे खुर्चीतून उठलेच. "काढलं? कामावरून?"

"चौकशी होईपर्यंत."

"तू लिही त्यांना. म्हणावं, आता काही तक्रार नाही."

"का म्हणून?"

 अर्धी पोळी ताटात तशीच टाकून हे आत गेले. दोन दिवस नीट जेवत नाहीत. पित्त झालं असणार, चेहराही उतरलाय. उद्या रिकाम्या पोटी घ्यायची गोळी आणते.

शनिवारी बरोबर चला म्हटलं, तर म्हणाले गुडघा दुखतोय.

शनिवार, २१ सप्टेंबर

कसं लिहू ते कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

संस्थेचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, एका लांब टेबलाची खोली. भिंतीवर चौथ्या तळ्याचा मोठा फोटो, निळाशार. एका टोकाला संस्थाचालक, खिडकीशी पंपवाले. शिट्टी भिंतीला पाठ लावून बसली होती, शिट्टीशिवाय. गळा रिकामा असल्यामुळे ती आणखीच लहान दिसत होती. मी ठरवलं होतं, दया दाखवायची नाही.

संस्थाचालकांनी तिला विचारलं, "काय म्हणायचंय?"

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी स्वतः पाहायला हवं होतं. चपळ मंडळींना मी पुढे सोडलं होतं, तेही सोडायला नको होतं."

एवढंच. माझ्या सगळ्या भाषणाचं काही कामच उरलं नाही. समोरचा भांडतच नसेल तर माणसाने करायचं काय?

मी विचारलं, "अगं, पण तू मोजलंस की नाही? निघताना, तिसऱ्या तळ्यावर?"

"मोजलं, काकू."

"मग एक कमी भरला असेल ना?"

"हो."

"कमी भरला आणि निघालीस?" माझा आवाज खोलीभर झाला. "कोणाला विचारलंस? कोणाच्या भरवशावर निघालीस तू?"

ती खाली बघत राहिली. ओठ घट्ट मिटून. मी पुन्हा विचारलं. नाही बोलली.

तेव्हा पंपवाले खुर्चीत चुळबुळले. "वहिनी, असं काय करताय? तिने साहेबांनाच विचारलं ना! 'काका, काकू कुठे?' साहेब म्हणाले, ती पुढे गेलीय. मी शेजारीच होतो. चौथ्या तळ्यावर पुन्हा विचारलं हिने. तेव्हाही साहेब म्हणाले, पुढेच आहे, तिची चाल जोरात असते." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला... घरी बोलणं झालं असेल असं वाटलं मला."

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही खोटं बोलताय."

भल्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हटलं मी. ते रागावलेही नाहीत, नुसते कानकोंडे होऊन खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यावरूनच मला कळलं.

शिट्टीच्या मागोमाग मी जिन्यात गेले. "तू बोलली का नाहीस?"

"बसमध्ये काका हात जोडत होते," ती म्हणाली. "म्हणाले, मी तिला स्वतः सांगतो, तू नको सांगूस. मला वाटलं, सांगतील."

"आणि कामावरून काढल्यावर?"

"तेव्हाही वाटलं, आज सांगतील."

ती पायऱ्या उतरून गेली. मी कठड्याला धरून उभी राहिले. मी तिला काय काय म्हटलं होतं तक्रारीत! एकेक शब्द निवडून. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी देणारी मी.

रविवार, २२ सप्टेंबर

काल घरी आले तेव्हा हे बाल्कनीत होते. माझ्याकडे बघितलं आणि यांना समजलं. चप्पलही न काढता मी विचारलं, "ती पुढे गेलीय, असं म्हणालात तुम्ही?"

"हो."

"मी तुम्हाला सांगून गेले होते. बाहीला हात लावून."

"लक्षात नव्हतं. बोलण्यात होतो."

"मग 'माहीत नाही' का नाही म्हणालात? दोन शब्द! पुढे गेलीय कुठून काढलंत?"

 मग जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मला वाटलं, असशीलच. तू असतेसच ना."

असतेसच. पंखा असतो, दार असतं, तशी. बटण दाबलं की लागते. इतक्या वर्षांत या माणसाला मी नाही अशी एक खोली कल्पनेतही आली नव्हती, आणि मी याला प्रेम समजत आले.

मी ओरडले. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, ऐकू देत. मी म्हटलं, "विसरलात, ते मी एक वेळ गिळीन. मला ओळखीचंच आहे ते. पण ती पोर घरी बसली आणि तुम्ही मूग गिळून गप्प! रोज माझ्यासमोर जेवायला बसलात. मी तक्रार वाचून दाखवली, तुम्ही ऐकलीत. मला म्हणालात, तक्रार मागे घे. म्हणजे तुमचं काम मीच करायचं, तुम्हाला तोंड उघडायला लागू नये म्हणून!"

"मी घाबरलो होतो," हे म्हणाले.

"कोणाला? मला?"

"तू अशी बघशील म्हणून. आत्ता बघतेयस तशी."

यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एरवी मी लगेच विरघळते. काल नाही विरघळले, आणि त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. म्हटलं, "सोमवारी संस्थेत जायचं. एकट्याने. मी शिफारस करणार नाही, लिहून देणार नाही, जिन्यात उभीही राहणार नाही."

आज लेकीच्या खोलीत झोपायची व्यवस्था केली. गोळ्यांची डबी माझ्या पिशवीतून काढून यांच्या टेबलावर ठेवली.

लेकीला फोन केला नाही. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणणार नाही, आणि तेच मला सहन व्हायचं नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

सोमवारी गेले नाहीत. मंगळवारी गेले नाहीत. मी एक शब्द बोलले नाही. स्वयंपाक केला, जेवले, कामाला गेले. थिएटरात एका शिकाऊ डॉक्टरने "सिस्टर, हे जरा..." म्हणत न बघता हात पुढे केला. मी कात्री दिली नाही. म्हटलं, "आधी माझ्याकडे बघा, मग मागा." सगळे चपापले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण बघितलं त्याने.

बुधवारी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. शर्ट स्वतःच इस्त्री केलेला, कॉलरवर दुहेरी घडी. संध्याकाळी आले, म्हणाले, "जाऊन आलो." मी विचारलं नाही काय झालं. 

आज शिट्टीचा फोन आला. येत्या सोमवारपासून तिला परत घेतायत. मी म्हटलं, "माझी तक्रार मी सगळी मागे घेणार नाही. चपळ लोकांना पुढे सोडलंस ते चुकलंच. तेवढं राहील." ती म्हणाली, "राहू दे काकू. राहायलाच हवं." मग मी माफी मागितली. तिला मागितलेली बरी वाटली की अवघड, ते कळलं नाही. मग तिने कालचं सांगितलं, तिलाही तिथे बोलावून घेतलं होतं.

संस्थाचालकांनी यांना पाणी दिलं, बसवलं, आणि स्वतःच मजकूर सांगायला लागले: "गैरसमजातून झालं, असं लिहू या साहेब. तुमच्या वयाचा मान आहे." हे "हो" म्हणाले. कारकुनाने टाइप केलं. सहीसाठी कागद पुढे आला. यांनी पेन उघडलं, वाचलं आणि म्हणाले, "नाही. हे खोडा. गैरसमज नाही. ही मुलगी मला दोनदा विचारत होती, आणि मी मान वर करून पाहिलंही नाही. लिहा तसं." संस्थाचालक म्हणाले, कशाला उगीच. हे म्हणाले, "लिहा हो. पाहिलंही नाही."

फोन ठेवून मी बराच वेळ नुसती बसले. यांना बोलावंसं वाटलं. पण ते बाहेरच्या खोलीत होते आणि मला उठायला जमलं नाही. राग गेला का? नाही. एका सहीने जाईल एवढा तो लहान नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

काल चौथं तळं पाहिलं.

शिट्टीच्या गटात नाव घातलं तेव्हा हे म्हणाले, "मीही येतो."

"नको."

"मागे मागे राहीन."

"या वेळी नको. मला एकटीला जायचंय."

"पुन्हा कधी?"

"ते मी सांगेन. तुम्ही सारखं विचारलंत म्हणून नाही."

यांनी मला गाडीने फाटकापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाले, "परत न्यायला पलीकडच्या फाटकाशी किती वाजता येऊ?" म्हटलं, "लवकर या आणि थांबून राहा." हे "हं" म्हणाले नाहीत. "बरं, थांबतो," म्हणाले. शब्द दोनच, पण माझ्याकडे बघून. एवढ्याने मी हुरळणार नाही, लिहून ठेवते.

वाटेतल्या तळ्यांचं वर्णन करत नाही. तिसऱ्याशी माझे पाय जड झाले. शिट्टीने ते पाहिलं आणि ती माझ्या शेजारून चालायला लागली. वरची चढण भयंकर आहे. कोणी मला सांगितलं नव्हतं की इतकी भयंकर आहे, आणि माहितीपत्रकात "मध्यम" लिहिलंय! मध्यम! हे छापणाऱ्याला एकदा तिथून ढकलत न्यायला हवं. त्यावर वेगळं पत्र लिहिणार आहे.

आणि मग वर पोचलो. ते त्या खोलीतल्या फोटोसारखं नाही. फोटोत ते गोड दिसतं. खरं तळं उघड्या खडकात पसरलेलं, वारा घेत असलेलं आहे, आणि कोणी येवो न येवो, त्याला काही फरक पडत नाही.

मंडळी दगडांवर बसून डबे सोडत होती. मी काठाशी जाऊन बूट काढले, मोजे काढले, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि दोन्ही पाय एकदम पाण्यात टाकले.

बर्फ! सुया! मी अशी किंचाळले की समोरची पाखरं उडाली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा किंचाळले. कारण थंडीचं होतं, पण आवाज नुसत्या थंडीचा नव्हता. पोटातून येत होता आणि संपत नव्हता. मागे सगळ्यांचे घास हातात थांबले. झाडून सगळे माझ्याकडे बघत होते. शिट्टी धावत आली, "काकू, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बघू दे त्यांना."

आणि पाय बाहेर काढले नाहीत.